मार्फा येथील मुक्काम

अमेरिकेतील टेक्सास राज्याच्या पश्चिम टोकाला, मेक्सिकोच्या सरहद्दीपासून सुमारे साठ मैलांवर, चिवावा वाळवंटाच्या उंच पठारावर मार्फा नावाचे जे लहानसे गाव आहे, ते १८८३ साली आगगाडीच्या इंजिनांना पाणी पुरविण्याच्या निमित्ताने वसले आणि पुढे गुरांचे कळप, लष्कराची छावणी व जिल्हा कचेरी यांच्या आधाराने नांदत राहिले. उंचीने ते महाबळेश्वरापेक्षा किंचित वरचढ. वस्ती मात्र दोन हजारांच्या आत. ह्यूस्टनला स्थायिक झालेल्या तिघा स्नेह्यांसह, जवळच्या अल्पाइन गावातला मुक्काम हलवून मी सकाळी तेथे पोहोचलो, तेव्हा वाळूच्या टेकड्या कोठेच नव्हत्या. होते ते क्षितिजापर्यंत पसरलेले पिवळट गवत, आणि इतका कोरडा, इतका निर्मळ प्रकाश की दूरच्या डोंगरांच्या घळीही स्पष्ट दिसाव्यात.

या प्रकाशासाठी आणि या मोकळेपणासाठीच डोनल्ड जड हा न्यूयॉर्कमध्ये नाव मिळविलेला कलावंत १९७१ साली येथे आला. त्याचे गाऱ्हाणे संग्रहालयांविषयी होते. कलावंताने एकाग्र चित्ताने घडविलेली कृती आज या दालनात मांडावी, उद्या खोक्यात बांधून त्या शहरी धाडावी, ही रीत त्याला कलेचा अधिक्षेप वाटे. कृती कोठे आणि कोणत्या प्रकाशात राहावी हा निर्णय तिच्या निर्मितीइतकाच महत्त्वाचा असून, तो एकदा झाल्यावर तिने जागा सोडू नये, असा त्याचा आग्रह होता. आपल्याकडे अचल मूर्तीची प्रतिष्ठा झाली की ती पीठावरून हलवीत नाहीत. जडचा आग्रह मला त्याच जातीचा वाटला. फोर्ट डी. ए. रसेल ही ओस पडलेली छावणी त्याने हाती घेतली, डिया प्रतिष्ठानाने द्रव्यसाहाय्य केले, आणि १९८६ साली चिनाती प्रतिष्ठान या नावाने ती लोकांना खुली झाली.

छावणीत तोफखान्याच्या दोन लांबलचक वखारी आहेत. दुसऱ्या महायुद्धात या छावणीत जर्मन युद्धकैदी ठेवले होते, आणि डोके गमावण्यापेक्षा ते वापरणे बरे, अशा अर्थाची जर्मन ताकीद एका भिंतीवर अद्याप शाबूत आहे. जडने ती पुसली नाही. त्याने वखारींची मोठी दारे काढून तेथे काचेच्या चौकटी बसविल्या, वर पन्हळी पत्र्याचे अर्धवर्तुळाकार छप्पर चढविले, आणि आत १९८२ ते १९८६ या काळात ॲल्युमिनियमच्या शंभर पेट्या मांडल्या. प्रत्येकीचे बाह्य माप तेच, ४१ × ५१ × ७२ इंच; अंतर्रचना मात्र एकीची दुसरीसारखी नाही. कोठे एक बाजूच नाही, कोठे मधोमध पडदी, कोठे तिरपा पत्रा. वर्णन ऐकून मला स्वतःला यात पाहण्यासारखे काही असेल असे वाटले नव्हते, आणि म्हणूनच आग्रहाने सांगतो की हे वर्णनाने कळणारे नव्हे. ढग सरकला आणि समोरची पेटी, जी क्षणापूर्वी जड धातूची होती, ती काचेसारखी पारदर्शक भासू लागली. तिच्या शेजारणीत बाहेरचे गवत उतरले. पलीकडची तर कडांसकट आकाशात विरघळली. धातूच्या कारखानदारीत आयुष्य वेचलेले आमचे स्नेही बराच वेळ सांधे निरखीत होते. अखेर म्हणाले, "पत्रा तोच, माप तेच. काम सगळं उन्हानं केलंय." खरे आहे, परंतु ते ऊन कोठून आत यावे हे कोणीतरी वर्षानुवर्षे विचार करून ठरविले होते, आणि मला ती निष्ठा त्या पेट्यांहूनही सुंदर वाटली.

बाहेर गवतात एक किलोमीटरच्या रेषेवर त्याच्याच काँक्रीटच्या पंधरा कृती आहेत. त्या आम्ही उन्हातून चालत पाहिल्या. गावात जुन्या इमारतींतून कलादालने थाटलेली आहेत, त्यांत मन रमले नाही. कलेने गावाचे नाव झाले, त्याबरोबर घरांच्या किमतीही चढल्या, आणि मातीच्या विटांची जी घरे मेक्सिकन वंशाच्या कष्टकरी कुटुंबांनी बांधली, ती आता दूरच्या शहरांतील धनिक विकत घेतात, याची खंत दिवसभर मनात राहिली.

त्या कुटुंबांची मुले ज्या ब्लॅकवेल शाळेत शिकत, ती १९०९ सालची मातीच्या विटांची वास्तू मात्र उभी आहे. गोऱ्या मुलांपासून त्यांना वेगळे बसविणारी ही शाळा १९६५ साली बंद झाली. येथे स्पॅनिश बोलणाऱ्या मुलाला फळीने मार बसे, आणि १९५४ साली तर मुलांकडून चिठ्ठ्यांवर स्पॅनिश शब्द लिहवून घेऊन, त्या एका पेटीत घालून आवारात समारंभपूर्वक पुरण्यात आल्या. मातृभाषेचे दफन तिच्याच लेकरांच्या हातून! माजी विद्यार्थ्यांनी ही वास्तू पाडू दिली नाही. त्यांच्या चिकाटीमुळे २०२२ साली कायद्याने तिला राष्ट्रीय ऐतिहासिक स्थळाचा दर्जा मिळाला. आपल्या अपमानाची जागा जतन करण्याचे हे धैर्य जडच्या आग्रहापेक्षा मला तसूभरही उणे वाटत नाही.

आमच्यासोबतच्या वहिनी ह्यूस्टनच्या मराठी शाळेत रविवारी शिकवितात. त्या आवारात थांबून म्हणाल्या, "माझ्या वर्गातल्या मुलांना मराठीबद्दल कुणी मारलेलं नाही, तरी चारचौघांत बोलायला लाजतात. त्यांना इथे आणलं पाहिजे."

येथून ह्यूस्टन सहाशे मैल दूर असल्याचे मी त्यांच्या निदर्शनास आणले, आणि छायाचित्रे दाखविली तरी पुरे, असेही सुचविले.

"छायाचित्रानं नाही व्हायचं, भाऊजी," त्या म्हणाल्या, आणि परतीच्या वाटेवर यजमानांशी त्यांची चर्चा सुरू झाली ती मोटारी किती लागतील, पालक कोण कोण येतील, आणि ऑक्टोबरची सुट्टी बरी की मार्चची, याची.