पोच कोणी द्यायची?

घरबसल्या, इंटरनेटवरून नेटवर्किंग शिकण्यात एक गंमत आहे. इतर विषयांत धडा एकीकडे आणि वस्तू दुसरीकडे असते. इथे मात्र सर ज्या पॅकेटबद्दल, म्हणजे मजकुराच्या छोट्या तुकड्याबद्दल, बोलत असतात, तशाच पॅकेटांतून त्यांचा आवाज आपल्यापर्यंत आलेला असतो. वेगळी प्रयोगशाळा शोधायला नको. धडा चालू असताना बाजूला आणखी एक खिडकी उघडली की झालं.

ती खिडकी म्हणजे वायरशार्क. फुकट मिळणारा हा प्रोग्राम आपल्या संगणकात येणारं-जाणारं प्रत्येक पॅकेट ओळीनं मांडून दाखवतो. एनपीटीईएल या ऑनलाइन अभ्यासक्रमांच्या उपक्रमातला, खरगपूर आयआयटीच्या प्राध्यापकांचा धडा यूट्यूबवर चालू होता. विषय टीसीपी. पाठवलेल्या मजकुराची पोच घेणारी आणि पोच आली नाही तर तोच मजकूर पुन्हा पाठवणारी ही शिस्तीची पद्धत. तिच्या शेजारी यूडीपी म्हणजे पाठवलं आणि हात झटकले. पोचलं की नाही याची चौकशीसुद्धा नाही. सर टीसीपीचा भरवसा समजावून सांगत होते आणि वायरशार्कमध्ये भराभर ओळी सरकत होत्या. बहुतेक ओळींपुढे शब्द एकच, ‘क्विक’. एका ओळीवर क्लिक करून आत पाहिलं, तर यूडीपी, पोर्ट 443. टीसीपीचं गुणगान यूडीपीच्या पाठीवर बसून येत होतं!

क्विक ही गूगलनं सुरू केलेली आणि 2021 मध्ये इंटरनेटचं अधिकृत मानक झालेली पद्धत. ती यूडीपीवर चालते. पण पोच घेणं, हरवलेलं पुन्हा पाठवणं ही कामं ब्राउझर आणि सर्व्हर आपापसांत उरकतात. टीसीपीतही ती टोकांनाच करावी लागतात, फक्त तिथे ऑपरेटिंग सिस्टीम करते. मधल्या राउटरांनी कशाचीच हमी दिलेली नसते. जमलं तर पॅकेट पुढे ढकलायचं, गर्दी झाली तर टाकून द्यायचं. व्हिंट सर्फ आणि बॉब कान यांनी 1974 मध्ये मांडलेल्या आराखड्यातही मधल्या यंत्रांवर फार भिस्त नव्हती; भरवशाचा भार टोकांवरच होता.

हा भार किती खरा आहे ते ऑक्टोबर 1986 मध्ये दिसलं. कॅलिफोर्नियात लॉरेन्स बर्कले प्रयोगशाळा आणि बर्कले विद्यापीठ यांच्यात जेमतेम 400 यार्डांचं अंतर. तिथला वेग सेकंदाला 32,000 बिटांवरून 40 बिटांवर कोसळला. पोच येईना म्हणून जो तो तेच तेच पुन्हा पाठवत होता आणि त्यानं कोंडी आणखी वाढत होती. व्हॅन जेकबसन यांनी 1988 मध्ये जो उपाय मांडला, तोही टोकांसाठीच होता. पाठवणाऱ्यानं आधी थोडं पाठवावं, पोच येत गेली तर वाढवावं आणि पॅकेट हरवलं की आपणहून आवरतं घ्यावं. मधून कोणी सांगायला येणार नाही. आपल्यालाच ओळखावं लागेल.

हे ऐकताना मला मुक्त विद्यापीठाचे दिवस आठवले. यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ 1989 मध्ये नाशिकला सुरू झालं. ‘ज्ञानगंगा घरोघरी’ हे त्याचं ब्रीद. मी बी.कॉम. तिथूनच केलं. पुस्तकं घरी वाचायची आणि रविवारी अभ्यासकेंद्रावर जायचं. केंद्रावरचे सर घसारा शिकवताना मध्येच थांबत, आमच्या चेहऱ्यांकडे बघत आणि काही न बोलता फळा पुसून तेच उदाहरण पुन्हा मांडत. आमच्या कोऱ्या चेहऱ्यांवरूनच त्यांना कळायचं की पोच आलेली नाही.

रेकॉर्ड केलेल्या धड्यातले सरही थांबतात. ‘क्लिअर?’ म्हणून कॅमेऱ्याकडे क्षणभर बघतात आणि पुढे जातात. सवय असते ती; समोर वर्ग नसतो. तिथे थांबवायचं, मागे न्यायचं, पुन्हा ऐकायचं ते आपणच. टीसीपीत निदान दोन्ही टोकं जागी असतात. इथे पाठवणारं टोक आपलं काम आटोपून केव्हाच घरी गेलेलं असतं.

एनपीटीईएलमध्ये चाचण्या असतात, नाही असं नाही. 12 आठवड्यांचा अभ्यासक्रम असेल तर दर आठवड्याला एक. त्यातल्या सर्वोत्तम 8 धरून 25 गुण, उरलेले 75 परीक्षाकेंद्रावर जाऊन द्यायच्या परीक्षेचे. पण टीसीपीच्या पोचेची एक मर्यादा याच अभ्यासात कळते. मजकूर त्या संगणकापर्यंत आला, एवढंच ती सांगते. ज्या प्रोग्रामसाठी तो आला, त्यानं तो वाचला की नाही हे तिला ठाऊक नसतं. चार पर्यायांतला बरोबर पर्याय निवडणं ही मला तशीच पोच वाटते. दारापर्यंत आल्याची खात्री तेवढी पटते.

शेजारच्या देशमुखकाकांचं नेट एकदा बंद पडलं. वायफायचं चिन्ह होतं, पण एकही पान उघडेना. राउटरला पिंग केलं, म्हणजे हाक मारून पाहिली, उत्तर आलं. बाहेरच्या 8.8.8.8 या पत्त्याला पिंग केलं, तिथूनही आलं. नावानं विचारलं की मात्र काही नाही. म्हणजे वाट शाबूत, नावाचा पत्ता सांगणारा डीएनएस तेवढा गप्प. सेटिंगमध्ये दुसऱ्या डीएनएसचा पत्ता घातला आणि पानं उघडू लागली. काकांना मी समजावून सांगितलं, की संगणकाला नावानं जाता येत नाही, तो आधी डीएनएसला पत्ता विचारतो. काका म्हणाले, ‘‘बरं. मग त्या डीएनएसचा पत्ता त्याला कोण सांगतं?’’

उत्तर मला येत होतं. नेटवर्कला जोडल्या जोडल्या डीएचसीपी नावाची पद्धत ते सांगते. घरात हे काम राउटरच करतो. तो धडा मी ऐकला होता, त्यावरच्या प्रश्नांचे गुणही मिळाले होते. पण डीएनएस आणि डीएचसीपी हे दोन धडे काकांच्या प्रश्नानं पहिल्यांदा एकमेकांना जोडले गेले. तो प्रश्न चाचणीत नव्हता आणि मला एकटीला तो कधी पडलाही नसता. तेव्हापासून आठवड्याचा धडा संपला की मी काकांना गाठते. त्यांना संगणकातलं फारसं कळत नाही, पण पटल्याशिवाय ते मान डोलवत नाहीत.