आपल्याच मुंबईचे पाहुणे

मुंबईत जन्मलेल्या माणसांनी पिशव्या-वळकट्या घेऊन मुंबई पाहायला जावे, यात हसण्यासारखे पुष्कळ आहे. आमच्या घराण्यातील 23 माणसांनी गेल्या नाताळात, म्हणजे 2025 च्या डिसेंबरात, हा विनोद सहकुटुंब सहपरिवार करून पाहिला.

आमचे आजोबा राजापूरकडून आले आणि गिरगावातील एका चाळीत दुसऱ्या मजल्यावरच्या दहा बाय बाराच्या खोलीत त्यांनी बिऱ्हाड थाटले. त्या खोलीने चार मुले वाढवली आणि मग चार दिशांना पाठवून दिली. माईआत्या इंदूरला, अण्णाकाका नागपूरला, माझे वडील सांगलीला आणि धाकटे बापूकाका डोंबिवलीला. आत्याचा मुलगा तर थेट न्यू जर्सीला. (डोंबिवली मुंबईत मोडते की नाही, हा वाद मी येथे काढीत नाही. डोंबिवलीकर वाचक पुष्कळ आहेत.)

आता कोणीही विचारील, की एक काका जवळच असताना तेवीस माणसांनी दादरला एका मंगल कार्यालयाच्या वरच्या चार खोल्या भाड्याने का घ्याव्यात? त्याचे उत्तर असे, की बाबा आणि बापूकाका 11 वर्षे एकमेकांशी बोलत नव्हते. भांडण जमिनीचे नव्हे, सोन्याचे नव्हे. त्या दहा बाय बाराचे.

गिरगावाबाहेरच्या वाचकांसाठी थोडे सांगतो. चाळीतली खोली ही भाडेकरूच्या मालकीची नसते आणि घरमालकाचीही धड नसते. 1947 च्या भाडेनियंत्रण कायद्याने भाडी जेथल्या तेथे थांबवली. मालकाला त्या भाड्यात दुरुस्तीही परवडेना. मग खोली एका भाडेकरूकडून दुसऱ्याकडे जाताना मोठी रक्कम घ्यायची आणि तिच्यातला वाटा मालकाला द्यायचा, अशी ‘पागडी’ची रीत रुळली. पुढे 1999 च्या कायद्याने तिला मान्यताही दिली. मालकीचा कागद नाही. असते ती फक्त भाडेपावती. आजी 2012 साली गेली, तेव्हा तिच्याजवळ राहणारे बापूकाकाच होते, म्हणून पावती त्यांच्या नावे झाली. 2014 मध्ये त्यांनी खोली पागडीने दिली आणि डोंबिवलीला दोन खोल्यांचा ब्लॉक घेतला. मुलींची लग्ने व्हायची होती. त्या माणसाने दुसरे काय करावे? पण बाबांना ही बातमी तिऱ्हाइताकडून कळली. पैशांचे काही नाही, ते म्हणाले, पण मला विचारले नाही. हे वाक्य मी 11 वर्षे ऐकत आलो. डोंबिवलीच्या घराची पायरी त्यांनी चढली नाही. म्हणून माईआत्याने निवडली ती तटस्थ भूमी: दादर.

डिसेंबर हा लग्नाचा हंगाम. रोज पहाटे पाचला खालच्या हॉलमधील सनई आम्हांला उठवी. तिसऱ्या दिवशी आमच्या बालगोपाळांपैकी दोघे चक्क एका अनोळखी मुंजीच्या पंगतीत जेवून आले, आणि जिलबी गरम असल्याचे त्यांनी वर येऊन सांगितले.

पाहण्यासारखे ते सगळे आम्ही पाहिले. गेटवे पाहिला. राजा पंचम जॉर्ज 1911 साली तेथे उतरला आणि त्याच्या स्वागताची कमान पुरी झाली 1924 मध्ये, हे ऐकून अण्णाकाका म्हणाले, “म्हणजे कंत्राटदार आपलाच!” राणीच्या बागेत पेंग्विन पाहिले. बाबा एका टोकाला आणि बापूकाका दुसऱ्या, मध्ये आम्ही एकवीस जण, अशी आमची दिंडी सगळीकडे चाले. एकाने दुसऱ्याला काही सांगायचे असले, तर ते भिंतीला सांगावे तसे अण्णाकाकांना सांगितले जाई. “पाणी उकळलेले आहे, ज्यांना प्यायचे असेल त्यांनी प्यावे,” या थाटात.

सगळ्यांत रंगला तो घारापुरीचा दिवस. गेटवेहून लाँचने तासभराचा प्रवास, मग सव्वाशेच्या आसपास पायऱ्या. माईआत्याचे वय 78. तिला डोलीत बसवताना जो आरडाओरडा झाला, तो तिच्या लग्नातसुद्धा झाला नसेल. लेण्यात आत गेलो आणि सगळे आपोआप गप्प झाले. त्या अंधाऱ्या खांबांच्या रांगेतून पुढे जावे तो समोर एकदम 18-20 फुटांचा तो सदाशिव! एका बाजूला उग्र मुख, दुसऱ्या बाजूला कोमल, मध्ये मिटल्या डोळ्यांचे शांत. माझ्यातला मास्तर जागा झाला. मुखे खरी पाच मानतात, चौथे मागे आहे, पाचवे वर आहे, ते दिसत नाही, असे मी सांगू लागलो. न्यू जर्सीच्या नातवाने विचारले, “मग ही तीन एकमेकांशी बोलत का नाहीत?” मी घाईघाईने हत्तीकडे वळलो.

हत्तीची गोष्ट सांगण्यासारखी आहेच. या बेटावर एक मोठा दगडी हत्ती होता. पोर्तुगीजांनी त्यावरूनच बेटाला ‘एलिफंटा’ नाव दिले. तो हत्ती आज बेटावर नाही. तो भायखळ्याला, राणीच्या बागेत, भाऊ दाजी लाड संग्रहालयाजवळ उभा आहे. आदल्याच दिवशी मुले त्याच्यापुढे आइसफ्रूट खात बसली होती. “म्हणजे त्याचीसुद्धा बदली झाली,” माईआत्या म्हणाली. बँकेत नोकरी केलेली बाई ती.

शेवटचा दिवस गिरगावचा. तो कार्यक्रमपत्रिकेत नव्हता. आत्याने सकाळी जाहीर केला. दादरहून भुयारी मेट्रोने निघालो. ही मेट्रो 2025 च्या ऑक्टोबरात कफ परेडपर्यंत पोचली. सरकत्या जिन्याने आम्ही गिरगावच्या पोटातून वर आलो, आणि या रस्त्यांवर वाढलेली आमची वडीलधारी मंडळी क्षणभर दिशाच विसरली. मेट्रोच्या बांधकामासाठी काही जुन्या इमारती गेल्या आहेत. आमची चाळ मात्र उभी होती; टेकूंवर, पण उभी.

आमच्या खोलीत आता एक तरुण जोडपे राहते. त्या मुलीने दार उघडले, जिन्यापर्यंत लागलेली रांग पाहिली आणि घाबरून विचारले, “काय झालं?” सगळे सांगितल्यावर तिने आत बोलावले. पण तेवीस माणसे मावणार कशी? माईआत्याने गॅलरीत उभे राहून दर्शनाच्या बारीसारखे चार-चार जण आत सोडले. शेवटी उरले दोघेच. कसे उरले, ते तीच जाणे.

बाबा आणि बापूकाका आत गेले. आम्ही बाहेर कठड्याला टेकून उभे. मुलेसुद्धा बोलत नव्हती. आतून बराच वेळ काही ऐकू येईना. मग बापूकाकांचा आवाज आला, “मोरी लहान केली यांनी.”

थोडा वेळ शांतता. नंतर बाबा म्हणाले, “लहान नाही केली. होतीच तेवढी.”

“काहीतरीच काय! पिंप ठेवून दोन बादल्या राहायच्या.”

“एक बादली. दुसरी बाहेर असायची. तुला पाणी कधी भरावं लागलं नाही, म्हणून आठवत नाही.”

माईआत्याने पदर डोळ्यांना लावला नाही, की काही नाही. तिने मला चिमटा काढला आणि म्हणाली, “आत जाऊ नकोस मेल्या.”

त्या मुलीने सगळ्यांना चहा दिला. कप शेजारून आणले. मागे ठेवावे तसे आमच्याजवळ काही नव्हते, म्हणून आत्याने पिशवीतला इंदुरी शेवेचा पुडा दिला. बाबा निघताना दाराच्या चौकटीवर, आजोबा मुलांची उंची खुणेने मांडत त्या जागी, काही क्षण बोट फिरवत राहिले. तिथे आता तेलरंग होता.

परतीच्या मेट्रोत गर्दी होती. दोनच जागा मिळाल्या, त्या आम्ही दोघांना दिल्या. मुंबईची शेवटची ट्राम बोरीबंदरहून दादरला गेली ती 31 मार्च 1964 च्या रात्री. आजोबांच्या खांद्यावर बसून ती आपण पाहिली, असे बापूकाका म्हणत होते. तू आठ वर्षांचा घोडा, तुला खांद्यावर कोण घेणार, तू घरी झोपला होतास, असे बाबा म्हणत होते. सिद्धिविनायक गेले, दादर आले, तरी निकाल लागला नव्हता. आम्ही हाका मारल्या, दारे मिटली, आणि ते दोघे तसेच भांडत पुढे वरळी... नव्हे, धारावीपर्यंत गेले.