तेरणाकाठचं मागणं

पहाट म्हणतात तिला. ती रात्रच होती. 3 वाजून 56 मिनिटं.

30 सप्टेंबर 1993. किल्लारीचा भूकंप. पंचांगात भाद्रपद पौर्णिमा.

आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी झालेली. गणपती पाण्यात गेले होते. गुलाल अजून कपाळाला होता, पोरांच्या केसांत होता. ओरडून ओरडून घसे बसले होते. पुढच्या वर्षी लवकर या, असं सांगून झालं होतं. मोकळा पाट घरी परतला होता, त्यावर नदीची चिमूटभर वाळू. मग माणसं दमली, आत गेली, झोपली. दगडामातीच्या जाड भिंतींच्या आत. दरसाल पांढरी माती टाकून पिढ्यांनी जपलेल्या माळवदांच्या खाली.

तुला पोचवून आलेली माणसं होती ती, देवा.

कितीतरी वर्षं मी तुझ्यासाठी एवढी एकच सबब राखून ठेवली होती. की त्या रात्री तू घरी नव्हतास. की आम्हीच तुला निरोप दिला होता, वाजतगाजत, डोळ्यांत पाणी आणून, आणि तू निघून गेला होतास. गेलेल्याला कसा जाब विचारायचा?

पण देव्हाऱ्यात टाक होते. तुळजापूरची आई होती, खंडोबा होता. किल्लारीत नीळकंठेश्वराचं देऊळ होतं. जगाचं विष गळ्यात धरून बसलेला तू, गावातच होतास.

सबब टिकली नाही.

किल्लारी. सास्तूर. मंगरूळ. तळणी. राजेगाव. होळी. पेठसांगवी. एकोंडी. रेबेचिंचोली.

ही नावं मी सावकाश म्हणतो. आणखीही आहेत. तुझी सहस्र नावं ज्या सुरात म्हणायला शिकलो, त्याच सुरात म्हणतो. दुसरा सूर मला कुणी शिकवला नाही.

गेलेल्यांचा आकडा कुणी आठ हजारांच्या आसपास सांगतं, कुणी दहा हजार. आकड्याला चेहरा नसतो. पण त्या आकड्यात कुठेतरी गुलाल लागलेलं एक कपाळ आहे, आणि ते पुसायचं राहून गेलं आहे.

मग पाऊस आला. लाकडं भिजली. पडलेल्या घरांचेच खांब, त्याच घरांच्या तुळया, आणि त्याच घरांतली माणसं, एका चितेवर. पौर्णिमा मावळली. दुसऱ्या दिवशी पितृपक्ष लागला.

इतका लवकर, देवा? पितर व्हायला काही वय लागतं की नाही?

*

तेरणा नदीच्या वरच्या अंगाला तेर आहे. गोरोबाकाकांचं, गोरा कुंभारांचं तेर.

ती कथा मला कुणी सांगितली ते आठवत नाही; ती आमच्या श्वासातच होती. त्यांची बायको संती पाण्याला गेलेली, लेकराकडे बघा म्हणून सांगून गेलेली, आणि गोरोबा चिखल तुडवतायत, ओठांवर तुझं नाव, डोळे मिटलेले, पाय चालतायत, आणि ते लेकरू रांगत रांगत येतंय, बापाकडेच येतंय, कारण लेकरू दुसरं कुणाकडे जाणार, आणि पाय थांबत नाहीत, नाव थांबत नाही, चिखल लाल होतो तरी नाव थांबत नाही, आणि मग संतीचा टाहो, मग उजाड घर, तुटलेले हात, आणि शेवटी तुझ्या दारातल्या कीर्तनात, टाळ्यांच्या गजरात, ते लेकरू चालत येतं, आईच्या दिशेने, जिवंत, धुतल्यासारखं स्वच्छ, अंगावर चिखलाचा डागही नाही.

तेच माझं सगळं तत्त्वज्ञान होतं. चिखलात गेलेलं लेकरू तू परत देतोस. उशिरा देशील, पण देशील.

तीच तेरणा पुढे किल्लारीच्या बाजूने जाते.

तिथेही माती होती. तिथेही मातीखाली लेकरं होती. तिथेही आया होत्या, हातांनी दगड उपसणाऱ्या, नखं तुटलेल्या, आणि त्यांच्या तोंडीही तुझंच नाव होतं. मी थांबलो. कीर्तन कधी सुरू होतंय याची वाट पाहत थांबलो.

एकच नदी. एकाच नदीच्या दोन काठांना तू दोन माणसांसारखा का वागलास, हे मी विचारायचो. आता विचारत नाही. विचारायला समोर कुणी असावं लागतं.

*

कारणं सांगणारे पुष्कळ भेटले. प्रारब्ध म्हणाले. पापाचा घडा म्हणाले. परीक्षा म्हणाले. 1934 साली बिहारची जमीन हादरली तेव्हा गांधीजींना त्यात अस्पृश्यतेच्या पापाची शिक्षा दिसली होती, आणि रवींद्रनाथांनी तिथल्या तिथे हरकत घेतली होती. मी रवींद्रनाथांच्या बाजूला आहे. त्याआधी 1755 मध्ये लिस्बनला, सर्व संतांच्या सणाच्या सकाळी, चर्चमध्ये भरलेल्या माणसांवर छपरं आली, आणि व्होल्तेरच्या मनातून ‘जे आहे ते ठीकच आहे’ हा दिलासा कायमचा निघून गेला. तिथेही सण होता. तिथेही दिवे लावलेले होते.

पण मला कारण नकोच आहे. भूगर्भाचंही नको, कर्माचंही नको. कारण सापडलं तरी पाट मोकळाच राहतो.

*

तू नाहीस, हे मी सोसलं असतं.

पण तू गेलास आणि जाताना माझं भांडण घेऊन गेलास.

तुकोबांच्या घरावर दुष्काळ आला. अन्नावाचून बायको गेली, मूल गेलं. आणि त्यांनी काय केलं? पडकं विठ्ठलाचं देऊळ दुरुस्त केलं, त्यात उभे राहिले आणि तुझ्याशी जन्मभर भांडले. तुला दटावलं, तुझ्यावर रुसले, तुला नको नको ते बोलले. केवढी श्रीमंती ती! दुःखाला दार होतं. दारामागे कुणीतरी आहे, ऐकतंय, ओशाळतंय, एवढी खात्री होती.

माझ्या दुःखाला तसा पत्ता उरला नाही. रडू येतं आणि घरभर हिंडत राहतं.

ठेच लागली की अजून ‘देवा’ येतं तोंडात. झोपेत दचकलो की येतं. हाक जिवंत आहे. हाक माझ्याआधीची आहे, आणि बहुधा माझ्यानंतरही राहील. ती बाहेर पडते, खोलीच्या भिंतीपर्यंत जाते, आणि मग तिचं काय होतं, मला माहीत नाही.

संध्याकाळी समई लावतो. सवयीने नाही लावत. खरंच लावावीशी वाटते. उजेड पडतो. तो उजेड पूर्वीइतकाच पिवळा आहे, पूर्वीइतकाच मऊ. त्यात टाकांवरचे झिजलेले चेहरे दिसतात, त्यांच्यामागची भिंत दिसते. पूर्वी भिंत दिसायची नाही.

तुझी आठवण येते रे.

नसलेल्याचीही येते, हे मला कुठल्या दर्शनाने सांगितलं नव्हतं.

*

52 गावं उठली आणि दुसरीकडे वसली. सरळ रस्ते, आखीव घरं. जुनं किल्लारी तिथेच मागे राहिलं. आणि नव्या गावांत देवळंही उभी राहिली. ज्यांचं सगळं गेलं, त्यांतल्या कितीतरी जणांनी पुन्हा तुझ्यापुढे हात जोडले. मी, ज्याचं त्या रात्री एक कौलही हललं नाही, तो हात सोडून बसलो.

हे मला कळत नाही. त्यांच्या हातांना नावं ठेवायचा अधिकार मला नाही, आणि त्यांचा हेवा वाटतो हे लपवायचंही कारण नाही. त्यांना तू सापडलास, की त्यांनी तुला माफ केलं? माफ केलं असेल, तर तुझ्यापेक्षा ती माणसं मोठी आहेत. हे मी पूर्ण शुद्धीत लिहितो आहे.

आता तुझ्याकडे काही मागायचं नाही. जे मागायचं ते वाचणाऱ्यांकडे.

लातूर आणि धाराशिवच्या त्या पट्ट्यात अशी माणसं अजून आहेत, ज्यांनी त्या पहाटे आपलं लेकरू मातीतून काढलं. त्यांच्यापैकी कुणी कधी तुमच्याशी बोललंच, तर देवाची मर्जी म्हणू नका. नशीबही म्हणू नका. त्या लेकराचं नाव विचारा, आणि ते सांगतील तेवढं सगळं ऐकून घ्या.