खूण

परटाच्या बोचक्यात पन्नास घरचे पांढरे कपडे एकत्र पडत. सदऱ्यासारखा सदरा, धोतरासारखे धोतर. पण जुन्या परटाची त्यात कधी पंचाईत झाली नाही. गळ्याच्या आतल्या बाजूला बिब्ब्याचा एक ठिपका नाहीतर दोन रेघा. एवढ्यावर ज्याचा कपडा त्याच्या घरी बिनचूक पोचे. त्या ठिपक्यात सदऱ्याची किंमत नसे, की घालणाराची अब्रू नसे. तरी तो नसता तर सारे बोचके म्हणजे नुसता गोंधळ!

आपल्या हाडांतली मज्जा हे असेच एक बोचके आहे. तिथे रोज अब्जावधी रक्तपेशी जन्म घेतात. त्या साऱ्यांच्या मुळाशी असतात मोजक्या मूळपेशी. जन्मभर रक्त पुरवायचे काम त्यांचे. पण सूक्ष्मदर्शकाखाली मूळपेशी आणि एखादी साधी, लहानशी पांढरी पेशी यांतला फरक डोळ्यांना कळत नाही.

१९७५ साली केंब्रिजमध्ये कोलर आणि मिलस्टाइन यांनी एकाच साच्याची प्रतिपिंडे हवी तितकी तयार करण्याची युक्ती काढली. प्रतिपिंड म्हणजे शरीराचा असा चाकर, की जो एकच चेहरा ओळखतो आणि त्यालाच जाऊन बिलगतो. ही युक्ती वापरून बाल्टिमोरच्या कर्ट सिव्हिन यांनी १९८४ मध्ये मज्जेतल्या कोवळ्या पेशींच्या अंगावरची एक खूण हुडकली. पुढे तिला क्रमांक मिळाला, सीडी ३४. मज्जेतल्या शंभर पेशींत जेमतेम एक-दोघींवर ती असते. पेशी मोठी होऊन कामधंद्याला लागली, की ती पुसून जाते. बिब्ब्याच्या अगदी उलट!

हे सारे मी हौसेने शिकले नाही. माझ्या धाकट्या भावाला रक्ताचा कर्करोग झाला. सख्ख्या भावंडांत पूर्ण जुळणीचा संभव चारात एक. आमचे अर्धेच जुळले. अशा वेळी माझ्या पेशी जशाच्या तशा देणे म्हणजे घरात वैरी घेणे. त्यांतल्या टी-पेशी त्याच्या देहाला परका समजून त्याच्यावर तुटून पडण्याची भीती. म्हणून निवडून द्यायचे ठरले. काही दिवस रोज सुई टोचून माझ्या मूळपेशी मज्जेतून रक्तात उतरवल्या आणि यंत्राने काढून घेतल्या. मग लोहाचे अतिसूक्ष्म कण बांधलेली प्रतिपिंडे त्यांत मिसळली. ते मिश्रण चुंबकात बसवलेल्या नळीतून सोडले. खुणेच्या पेशी अडकल्या, बाकीच्या वाहून गेल्या. चुंबक दूर होताच अडकलेल्या अलगद सुटून आल्या.

नेहमीच्या रोपणाला रुग्णाच्या दर किलो वजनामागे निदान २० लाख खुणेच्या पेशी लागतात. अर्ध्या जुळणीला त्याच्या कित्येक पट. आईने आयुष्यभर तांदूळ निवडले, पण "किती निघाल्या गं?" हे तिने त्या दिवशी ज्या आवाजात विचारले, तो आवाज मी पूर्वी ऐकला नव्हता.

पुरेशा निघाल्या.

"या साऱ्या मूळपेशीच ना?" मी डॉक्टरांना विचारले. "नाही, ताई," ते म्हणाले. खूण असलेल्या बहुतेक पेशी मूळपेशींच्या लेकी-नाती. रक्तवाहिन्यांच्या अस्तरावरही ती सापडते. १९९६ साली जपानी संशोधकांना तर उंदरांत अशा मूळपेशी आढळल्या, की ज्यांच्यावर ही खूण जवळजवळ नव्हतीच. त्यांतल्या एकट्या पेशीची प्रजा काही उंदरांच्या रक्तात दीर्घकाळ नांदली. म्हणजे खूण सांगते ते इतकेच, की इथे शोधा. मूळपेशी खरी कोणती, हे कळते ते तिने नव्या घरी जाऊन रक्त उभे केल्यावर.

ते कळेपर्यंतचे दिवस फार लांब होते. तपासणीच्या कागदावर पांढऱ्या पेशींचा आकडा शून्याजवळ रेंगाळत राही. बाराव्या दिवशी तो हलला.

भावाचा रक्तगट पूर्वी बी होता. आता माझ्यासारखा ओ आहे. भाऊबीजेला तो पाटावर बसतो, मी त्याच्या कपाळी कुंकू लावते. त्या खुणेने तो माझा भाऊ होतो असे थोडेच आहे? पण ती लावल्यावाचून ओवाळायला माझा हात होत नाही.