शुक्रवारची यादी

कॉन्व्हेंटमध्ये दहा वर्षं काढलेल्या कोणालाही रात्री झोपेतून उठवा, तो 'अवर फादर' एका दमात म्हणून दाखवेल. आम्ही रोज असेंब्लीत म्हणायचो. हिंदू, मुसलमान, जैन, सगळेच. शर्टाचं वरचं बटण लावून, हात जोडून. त्यातलं 'डेली ब्रेड' आलं की माझ्या डोळ्यांपुढे बेकरीतला स्लाइस ब्रेड यायचा. आमच्या घरी ब्रेड यायचा तो कोणाला ताप आला तर. तो रोज कशाला मागायचा, हे कोडं दहावीपर्यंत सुटलं नाही.

माझा रूममेट जालन्याचा, मराठी ख्रिस्ती. ब्राह्मण घरातून ख्रिस्ती झालेल्या रेव्हरंड नारायण शेषाद्रींनी एकोणिसाव्या शतकात जालन्याजवळ 'बेथेल' नावाची वस्ती वसवली, हा इतिहास त्याने मला पहिल्याच आठवड्यात मेसच्या रांगेत ऐकवला होता. (मेसची रांग तेवढी मोठी असते, हे हॉस्टेलवाल्यांना सांगायला नको.) दर शुक्रवारी संध्याकाळी तो छावणीत कुणाच्या तरी घरी प्रार्थनेला जातो. थर्ड इयरच्या सप्टेंबरात, सबमिशन संपलेलं, लाइट गेलेली, अशा एका शुक्रवारी तो म्हणाला, "चल लेका, चहा तरी मिळेल."

मी चहासाठी गेलो. अगदी प्रामाणिकपणे सांगतो, चहासाठीच.

साधं दोन खोल्यांचं घर. सतरंजी अंथरलेली, दारात चपलांचा ढीग. वाळूज एमआयडीसीतला एक फिटर, ड्यूटीवरून थेट आलेली नर्स, रिटायर्ड गुरुजी, शाळकरी पोरं, आणि भिंतीला टेकून बसलेल्या, घर ज्यांचं त्या आजी. मला वाटलं, आता गिटार निघेल आणि इंग्लिश गाणी सुरू होतील. निघाली पेटी, ढोलकी आणि टाळ! पहिलं भजन सुरू झालं आणि मी चपापलोच. चाल ओळखीची, ठेका ओळखीचा, शब्दसुद्धा आमच्या आजीच्या हरिपाठाच्या घरातले. नाव तेवढं ख्रिस्ताचं.

येताना रूममेटने सांगितलं, ते रेव्हरंड टिळकांचं भजन. ना. वा. टिळक आपल्याला कवी म्हणून माहीत असतात, लक्ष्मीबाई 'स्मृतिचित्रे'मुळे. टिळकांनी 1895 साली बाप्तिस्मा घेतला, पण तुकोबांना सोडलं नाही. तुकारामांच्या पुलावरूनच आपण ख्रिस्तापाशी आलो, असं ते म्हणत. अभंग आणि कीर्तन त्यांनी बरोबर नेलं. 1919 साली ते गेले, आणि छावणीतल्या या सतरंजीवर त्यांची भजनं अजून पाठ आहेत, वह्या न बघता.

भजनं झाली. मग सगळ्यांनी डोळे मिटून तीच प्रार्थना म्हटली, माझी असेंब्लीतली. पण मराठीत. आणि 'ब्रेड'च्या जागी शब्द आला 'भाकर'.

एवढंच. पण त्या एका शब्दापाशी मी अडकलो. बाकीचे पुढे गेले, मी तिथेच. कारण जूनमध्ये बाबांची कंपनी बंद पडली होती. फीचा दुसरा हप्ता बाकी होता. फोनवर बाबा "सगळं ठीक आहे, तू अभ्यास कर" एवढंच म्हणायचे आणि मी "हो" म्हणायचो. हॉस्टेलवर कोणालाच बोललो नव्हतो, रूममेटलाही नाही. भाकर रोज मागावी लागते, हे मला तेव्हा कोणी समजावून सांगायची गरज नव्हती.

नंतर विनंत्या सुरू झाल्या. इथे मला खरं नवल वाटलं. माणसं देवाकडे इतकं साधं मागतात! फिटरला कॉन्ट्रॅक्ट रिन्यू व्हायला हवं होतं. नर्सच्या मुलीची अॅडमिशन. गुरुजींच्या गावाकडच्या बोअरला पाणी. आजी वहीत एकेक नंबर घालून लिहीत होत्या, वाण्याच्या यादीसारखं. शाळेत आम्ही जगाच्या शांततेसाठी वगैरे प्रार्थना करायचो. बोअर कधी आलं नाही.

"आणि बाळा, तुझं काय?" आजींनी पेन माझ्याकडे वळवलं.

मी म्हणणार होतो, काही नाही. तोंडातून निघालं, "बाबांचं काम सुटलंय."

कोणी "अरेरे" केलं नाही. आजींनी लिहून घेतलं. फिटरकाका माझ्यासाठी प्रार्थनेला उभे राहिले आणि ज्यांना कधी पाहिलं नाही त्या माझ्या बाबांबद्दल देवाशी असे बोलले, की शिफ्टमधला सोबती आहे. मी डोळे मिटूनच ठेवले, उघडण्याची सोय नव्हती. मग चहा आला, बरोबर खारी. कित्येक दिवसांनी मला भूक लागली होती.

आईला फोनवर सांगितलं तर तिचा पहिला प्रश्न, "कुठं धर्मबिर्म नाही ना बदलायला लावत?" नाही गं. कोणी विचारलंसुद्धा नाही. देवाबद्दल माझं काय मत आहे हे मलाच अजून धड ठाऊक नाही. गुरुवारी मी मित्रांबरोबर साईमंदिरातही जातो. पण बाबांना त्या रात्री मी स्वतःहून फोन केला आणि फीचा विषय काढला. पाऊण तास बोललो. इतकं आम्ही आयुष्यात बोललो नव्हतो.

पुढच्या शुक्रवारी रूममेटच्या आधी मी चपला घालून तयार. आजींनी वही उघडली.

"बाबांचं काही झालं का रे?"

"नाही अजून."

"बरं. मग राहू दे यादीत."

गुरुजींच्या बोअरला पाणी लागलं होतं. तो नंबर त्यांनी खोडला. बाबा आता तीन नंबरवर आहेत.