दोन अक्षरांचे 'अनुमान'

परक्या भाषेतले लांबलचक वाक्य शब्दकोश घेऊन बसले की हळूहळू उलगडते. घाम फोडतात ती दोन अक्षरे. शब्दकोशात ती सापडत नाहीत आणि सापडलीच तर भलत्याच अर्थाने सापडतात.

माझी भाची नोकरीनिमित्त रोमानियात असते. तिचे बाळ तिथेच जन्मले. ती बेळगावला येणार, म्हणून इथल्या बालरोगतज्ज्ञांसाठी बाळाचा कागद इंग्रजीत करण्याचे काम माझ्याकडे आले. "मामा, चारच तर ओळी आहेत," ती फोनवर म्हणाली. ओळी खरोखरच चार होत्या : जी ३,२०० किलो, टी ५०, पीसी ३४, पीटी ३२.

'जी' म्हणजे 'ग्रेउताते', वजन. पण आपण ३,२०० हा आकडा तीन हजार दोनशे असा वाचतो. रोमानियात दशांशचिन्ह म्हणून टिंबाऐवजी स्वल्पविराम देतात. म्हणजे बाळ तीन किलो दोनशे ग्रॅमचे!

'टी' म्हणजे 'तालिये'. शब्दकोश सांगतो, कंबर. फ्रेंचमधून आलेल्या या शब्दाला कंबर आणि उंची असे दोन्ही अर्थ आहेत. छातीचा घेर ३२ असलेल्या तान्ह्या बाळाची कंबर ५० कशी असेल? तेव्हा इथे उंचीच. पण इंग्रजीत 'हाइट' लिहूनही भागत नाही. दोन वर्षांखालच्या मुलाला निजवून मोजतात, म्हणून ती 'लेंग्थ'. तेच मूल उभे करून मोजले तर सुमारे ०.७ सेंटिमीटर कमी भरते, असे जागतिक आरोग्य संघटनेचे वाढीचे तक्ते धरून चालतात. आपल्या कन्नडातही 'उद्द' वेगळा आणि 'एत्तर' वेगळा.

'पीसी' म्हणजे 'पेरिमेत्रु क्रानियान', डोक्याचा घेर. 'पीटी' म्हणजे 'पेरिमेत्रु तोराचिक', छातीचा घेर. रोमानियनमध्ये नाम आधी, विशेषण मागून. इंग्रजीत उलटे, म्हणून डोक्याचा घेर तिथे 'एचसी' होतो. गरोदरपणाच्या सोनोग्राफीतही पोटाच्या घेराला त्यांचे 'सीए', तर इंग्रजीचे 'एसी'. अक्षरे तशीच ठेवली असती तर 'पीटी' वाचून इथल्या डॉक्टरांना रक्त गोठण्याची तपासणी आठवली असती.

एवढा काथ्याकूट कशाला? कारण जन्मवेळच्या आकड्यापासूनच वाढीची रेषा सुरू होते. डोक्याच्या जागी छातीचे ३२ लिहिले आणि महिन्याभराने डोके साडेछत्तीस भरले, तर ते एकाएकी वाढल्याचा भास होईल. तपासण्या सुरू होतील, आईची झोप उडेल. सुदैवाने शरीरच साक्ष देते. जन्मवेळी डोक्याचा घेर छातीपेक्षा साधारण दोन सेंटिमीटरने जास्त असतो. ३४ आणि ३२ जुळले, तेव्हाच मी लेखणी उचलली. संक्षेप मोडून पूर्ण इंग्रजी शब्द लिहिले आणि मूळ अक्षरे शेजारी कंसात ठेवली.

दोन भाषांच्या घरात वाढलेल्यांना हे नवे नाही. मराठीत 'अनुमान' म्हणजे तर्क, कन्नडात तोच शब्द म्हणजे शंका. भाषांतर करणाऱ्याने कन्नड 'अनुमान' आधी करावे, मराठी 'अनुमान' मागाहून!