पवळ्याचं दावं

ढवळ्याशेजारी बांधला पवळ्या, वाण नाही पण गुण लागला. एदुआर दुजार्दँचं नाव कुठे दिसलं की हल्ली ही म्हण आठवते आणि मग दिवसभर पिच्छा सोडत नाही. तशी ती मला कधीच फारशी पटलेली नाही. म्हण वापरणारा नेहमी पवळ्याचा धनी असतो. शेजारचं पोर ढवळ्या आणि आपलं पवळ्या, हे आधीच ठरलेलं. ढवळ्याच्या धन्याची बाजू आजवर कोणी ऐकून घेतलेली नाही. आणि दोघांना शेजारी बांधलं कोणी, हे विचारायच्या आत म्हण संपते.

तर दुजार्दँ. १८८७ साली, पंचविशीत असताना, या फ्रेंच माणसाने ‘ले लोरिये सों कुपे’ नावाची एक छोटी कादंबरी लिहिली. पॅरिसमधली एप्रिलची एक संध्याकाळ. दानिएल प्रँस नावाचा तरुण मित्राला भेटतो, हॉटेलात एकटाच जेवतो, जेवता जेवता समोरच्या बाईकडे बघत मनात मांडे खातो, घरी येऊन तयार होतो आणि लेआ नावाच्या नटीकडे जातो. ती त्याचे पैसे घेते, त्याला झुलवत ठेवते आणि रात्री तो हात हलवत परत येतो. गोष्ट एवढीच. पण ती सांगायला मध्ये कोणी नाही. जे काही आहे ते त्या पोराच्या डोक्यात चाललेलं: जिना, दिवे, बिल किती होईल, ती काय म्हणेल, सगळं एका ओघात. त्या काळी कादंबरीकडे फारसं कोणी ढुंकून पाहिलं नाही. १९०३ साली एकवीस वर्षांचा जेम्स जॉइस एका सयामी मित्राबरोबर एका गवयाला ऐकायला तूर शहराकडे निघाला होता, तेव्हा रेल्वेच्या बुकस्टॉलवरून त्याने ती विकत घेतली.

पुढचं सर्वांना माहीत आहे. २ फेब्रुवारी १९२२ रोजी, जॉइसच्या चाळिसाव्या वाढदिवशी, दिजाँच्या छापखान्यातून ‘युलिसिस’ बाहेर आली. तिच्या मध्यभागी लिओपोल्ड ब्लूम आहे, हंगेरीहून आलेल्या ज्यूचा मुलगा, वर्तमानपत्रासाठी जाहिराती गोळा करणारा. डब्लिनच्या दारूच्या गुत्त्यात एक कडवा देशभक्त त्याला ज्यू म्हणून टाकून बोलतो आणि ब्लूम गाडीतून निसटतो तेव्हा त्याच्यामागे बिस्किटांचा पत्र्याचा डबा भिरकावतो. ब्लूमच्या डोक्यात दिवसभर काय चालतं हे दाखवायची रीत आपण दुजार्दँकडून उचलली, हे जॉइस येईल त्याला सांगायचा. फ्रेंच लेखक व्हालेरी लार्बोला सांगितलं, लार्बोने गावभर केलं, त्याच्या प्रस्तावनेसह दुजार्दँच्या कादंबरीची नवी आवृत्ती निघाली. दुजार्दँला ‘युलिसिस’ची प्रत देताना जॉइसने स्वतःला पश्चात्ताप न झालेला चोर म्हणवून घेतलं. साठी उलटलेला, विसरला गेलेला लेखक पुन्हा उभा राहिला. १९३१ मध्ये त्याने या मनातल्या बोलण्यावर आख्खं पुस्तक लिहिलं.

इथवर सगळं गोडच आहे. पण दुजार्दँने तरुणपणी, १८८५ मध्ये, वाग्नरच्या संगीताला वाहिलेलं एक मासिक काढलं होतं. त्यात लिहिणाऱ्यांत ह्यूस्टन स्टुअर्ट चेंबरलेन होता. हाच चेंबरलेन पुढे वाग्नरचा जावई झाला, १८९९ च्या त्याच्या जाडजूड ग्रंथाने वंशश्रेष्ठतेच्या विचाराला विद्वत्तेचा मुलामा दिला आणि १९२३ मध्ये हिटलर त्याला भेटून गेला. दुजार्दँशी मैत्री टिकली होती. १९४३ मध्ये, जर्मनांच्या ताब्यातल्या पॅरिसमध्ये, दुजार्दँने चेंबरलेनच्या भेटींच्या आठवणी आणि पत्रं पुस्तकरूपाने छापली. तेव्हा तो ऐंशी पार होता.

आता म्हण लावून बघा. खरं तर शेतकरी मुद्दामच शेजारी जुंपतो. नवा गोऱ्हा औताला धरायचा तर जोडीला मुरलेला बैल देतात. त्याच्या चालीने गोऱ्हा चालायला शिकतो, तास धरायला शिकतो. शेजाराने गुण लागतो, या भरवशावर तर पिढ्यान्‌पिढ्या नांगरट झाली. म्हणजे तक्रार गुण लागण्याची नाहीच, नको तो गुण लागण्याची आहे, आणि नको तो कोणता हे बैल ठरवत नाही. जॉइसने दुजार्दँकडून चाल घेतली आणि तास मात्र स्वतःचं धरलं. ज्या चालीने फ्रेंच छानछोकी पोराचं डोकं चालायचं, त्याच चालीने त्याने एका ज्यू माणसाला मनाच्या आत इतकी जागा दिली, जितकी तोवर क्वचितच कोणी दिली असेल. मग म्हण खोटी? की गोऱ्हा मुळातच हट्टी होता?

लेओं दोदे आठवला की आणखी गोंधळ होतो. शार्ल मोरासबरोबर ‘आक्सिओं फ्रांसेझ’ हे राजेशाहीवादी दैनिक चालवणारा, रोज सकाळी ज्यूंच्या, परक्यांच्या आणि प्रजासत्ताकाच्या नावाने शंख करणारा. शेवटी १९२६ मध्ये पोपनेही कॅथलिकांना हे दैनिक वाचायला मनाई केली. पण हाच दोदे १९१९ मध्ये गाँकूर पारितोषिकासाठी मार्सेल प्रूस्तच्या पाठीशी हट्टाने उभा राहिला. प्रूस्तची आई ज्यू, प्रूस्त स्वतः देशद्रोहाचा खोटा आळ आलेल्या ज्यू अधिकाऱ्याच्या, ड्रेफ्यूसच्या बाजूचा. पारितोषिक मिळालं आणि पुढचा खंड प्रूस्तने दोदेलाच अर्पण केला. १९३२ मध्ये त्याच पारितोषिकासाठी दोदे कादंबरीकार सेलीनच्या बाजूने भांडला आणि हरला. नंतर सेलीनने ज्यूंविरुद्ध काय गरळ ओकलं ते जगजाहीर आहे. इतकी पारखी नजर इतक्या विषारी माणसाला का मिळावी, याचा मला मनापासून राग येतो. वाईट माणसाला निदान अभिरुची तरी वाईट असावी, ही माझी बालिश अपेक्षा.

हा गोंधळ एकाच महिन्यात बघायचा तर फेब्रुवारी १९३४. २ तारखेला, जॉइसच्या वाढदिवशी, त्याच्या मनाचा तोल ढळलेल्या मुलीने, लुसियाने, आईवर हात उगारला. काही दिवसांत तिला स्वित्झर्लंडच्या रुग्णालयात पाठवावं लागलं. ६ तारखेच्या रात्री कट्टर उजव्या संघटना पॅरिसच्या प्लास द ला काँकॉर्दवर चालून गेल्या, गोळीबारात पंधराच्या आसपास माणसं मेली, दुसऱ्या दिवशी सरकार पडलं. आणि त्याच महिन्यात लंडनच्या एका साप्ताहिकात आयरिश कवी डब्लू. बी. येट्सची तीन गाणी छापून आली, मुळात आयर्लंडच्या फॅसिस्ट वळणाच्या निळ्या शर्टवाल्यांना कवायतीत म्हणता यावीत म्हणून सुचलेली. त्यांचा म्होरक्या जनरल ओडफी पुढे फ्रँकोसाठी लढायला स्पेनला माणसं घेऊन गेला. येट्सचा उत्साह लवकरच ओसरला. कुठल्याच पक्षाला गाता येऊ नयेत इतकी आपण ती गाणी बदलली, असं त्याचंच म्हणणं.

येट्सचा ढवळ्या शोधायचा तर दावण लांबच लांब आहे. मॉड गॉन, जिच्यासाठी तो आयुष्यभर झुरला, तिचा प्रियकर ल्युसिएँ मिलव्ह्वा हा फ्रान्सच्या राष्ट्रवादी जनरल बूलांजेचा कडवा अनुयायी. ती स्वतः ज्यूद्वेष्टी. त्या दोघांची मुलगी इझल्ट. पहिल्या महायुद्धाच्या ऐन मध्यात, नॉर्मंडीच्या किनाऱ्यावर, या पोरीने पन्नाशीतल्या येट्सला पेगी आणि क्लोदेल हे फ्रेंच कवी वाचून दाखवले. त्याने तिला लग्नाचंही विचारलं. ती नाही म्हणाली आणि फ्रान्सिस स्टुअर्टशी लग्न करून बसली, जो पुढे नाझींच्या बर्लिनहून आयर्लंडसाठी नभोवाणीवर बोलला. कोणी कोणाला काय लावलं, सांगा.

आणि याच १९३४ मध्ये येट्सने आणखी एक काम केलं. भगवान श्री हंसांनी मराठीत लिहिलेल्या कैलास-मानसरोवराच्या यात्रावर्णनाला प्रस्तावना लिहिली. इंग्रजी भाषांतर पुरोहित स्वामींचं, आपल्या बडनेऱ्याचे, दत्तभक्त. पुढच्या वर्षीच्या हिवाळ्यात दोघे मायोर्का बेटावर उपनिषदं इंग्रजीत उतरवत बसले. आपल्याकडे या दोस्तीचा उल्लेख अभिमानाने होतो आणि व्हायलाही हवा. पण तेव्हा निळ्या शर्टांना कोणी बोलावत नाही. तिकडचे अभ्यासक उलट करतात, शर्ट मोजतात आणि स्वामींना तळटीपेत बसवतात. एकच माणूस एकाच वर्षी दोन्ही करत होता आणि त्याला त्यात काही विसंगत वाटत नव्हतं, हे मला जास्त अस्वस्थ करतं. पर्वतावरच्या गुरूपुढे लीन होणं आणि कवायतीपुढे लीन होणं यांत आतून काही नातं असेल का? नसावं, असं मला वाटतं. पण ‘नसावं’च्या पुढे जाता येत नाही.

येट्स २८ जानेवारी १९३९ रोजी फ्रान्सच्या दक्षिण किनाऱ्यावर, रोकब्र्यूनला वारला. तिथेच पुरलं. मध्ये युद्ध गेलं. १९४८ मध्ये आयरिश नौदलाच्या जहाजातून त्याचे अवशेष स्लायगोला आणले गेले आणि सरकारच्या वतीने ते घ्यायला परराष्ट्रमंत्री म्हणून कोण उभा होता, तर मॉड गॉनचा मुलगा शॉन मॅकब्राइड. २०१५ मध्ये फ्रेंच मुत्सद्द्यांचे कागद बाहेर आले. कबर उकरून त्याची हाडं आधीच सामाईक अस्थिगृहात टाकली गेली होती, आणि त्या ढिगातून एक सांगाडा जुळवून दिला गेला होता. म्हणजे स्लायगोतल्या ड्रमक्लिफला, येट्सच्या कबरीपाशी, लोक ज्याच्यापुढे टोपी काढतात तो कदाचित रोकब्र्यूनचा कोणी कोळी असेल, कोणी कारकून, ‘आक्सिओं फ्रांसेझ’चा वर्गणीदारही असेल. मला यात हसू येतं, आणि आपण का हसतोय हे नीट कळत नाही.

शेजाराचा हिशेब इथेही जुळत नाही: आयरिश लेखक सॅम्युअल बेकेटला सेलीनची पहिली कादंबरी आवडली होती. तोच बेकेट जर्मनांविरुद्धच्या प्रतिकाराच्या गुप्त कामात शिरला. ऑगस्ट १९४१ मध्ये पॅरिसच्या रस्त्यात त्याला पॉल लेओं दिसला, जॉइसचा बिनपगारी चिटणीस, रशियाहून आलेला ज्यू. बेकेट म्हणाला, ताबडतोब निघ. लेओं म्हणाला, उद्या मुलाची परीक्षा आहे, तेवढी होऊ दे. दुसऱ्या दिवशी तो पकडला गेला. पुढच्या वर्षी आउश्विट्झला संपला. त्याआधी त्याने जॉइसचे कागद वाचवून डब्लिनला पाठवायची तजवीज केली होती.

जॉइस तोवर गेला होता, जानेवारी १९४१ मध्ये, झुरिकला. दुजार्दँचं १९४३ चं पुस्तक त्याने पाहिलं नाही. पण ते कोणाच्या नावावर निघालं? ज्या नावावरची धूळ जॉइसने स्वतःच्या हाताने झटकली होती, त्याच्या. चोरी कबूल करणारा चोर आपल्याला आवडतो. मात्र त्या कबुलीने ज्याच्या घरी चोरी झाली त्याचा भाव वाढतो, आणि तो भाव पुढे कुठे वटवला जाईल हे चोराच्या हातात राहत नाही. मग जॉइसने गप्प बसायला हवं होतं का? तसं म्हणवत नाही. बोलला ते बरं झालं, असंही आता पूर्वीसारखं चटकन म्हणवत नाही.